मरून सोफा हलणार नव्हता, मग भिंतीच हलवल्या: डोंबिवलीतल्या एका रंगाच्या दुकानाचा रिव्ह्यू

आधीच सांगते, दुकानाचं नाव लिहीत नाहीये. दुकानवाल्या काकांना विचारलं होतं, तर म्हणाले "नको हो ताई, दिवाळीच्या आधी तसाही पाय ठेवायला जागा नसते इथे". तर डोंबिवली पूर्वेला, रंग आणि हार्डवेअर दोन्ही विकणारं, दारात पुट्टीच्या गोण्या रचलेलं एक जुनं दुकान आहे एवढं धरून चाला.

रिव्ह्यू दुकानाचा आहे, पण सोफ्याबद्दल सांगितल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. आमच्या हॉलमध्ये जो सोफा आहे तो सासऱ्यांनी १९९४ साली उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून करून आणलेला, अस्सल सागवान, तीन अधिक एक अधिक एक, पाठीवर कोरलेली कमळं, हातावर वेलबुट्टी, आणि गाद्यांना मरून मखमल. मखमल अजून धडधाकट आहे कारण पहिली दहा वर्षं तिच्यावरचं प्लास्टिक कुणी काढलंच नव्हतं. जोडीला समोरच्या भिंतीवर तांबूस सनमायकाचा शोकेस, सरकत्या काचांचा, ज्यात नवऱ्याच्या शाळेतल्या ढाली आणि एक जपानी बाहुली. मला यातलं काहीच आवडत नाही, लग्न होऊन आले त्या दिवसापासून आवडत नाही, पण बाबा आता नाहीत आणि आई रोज संध्याकाळी त्यातल्या एकाच ठरलेल्या खुर्चीत बसून सिरियल बघतात. विषय संपला. सोफा जाणार नाही. कापड बदलायचं तर फोम धरून बावीस हजार सांगितले एकाने, आणि आई म्हणाल्या "चांगल्या गाद्या फाडायच्या कशाला", तर तेही संपलं.

मग उरला रंग. तीन वर्षांपूर्वी मी पहिली चूक केली होती ती म्हणजे सगळा हॉल पांढराशुभ्र. डोक्यात हिशेब असा की पांढरा कशावरही जातो, हॉल मोठा दिसेल, सोफा जरा लपेल. लपेल कसला, तो असा उठून दिसायला लागला की हॉल म्हणजे ऐतिहासिक नाटकाचा सेट आणि आता पडद्यामागून महाराज येणार. येणारा प्रत्येक पाहुणा चप्पल काढता काढता "वा, सोफा!" म्हणायचा. नवरा ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो, त्याला असल्या वेळी गोष्टी आठवतात, त्याने मला शेव्ह्रल नावाच्या फ्रेंच केमिस्टची गोष्ट सांगितली. हा १८२४ मध्ये पॅरिसच्या गोबेलिन कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख झाला, तिथे भिंतीवर टांगायचे विणलेले पडदे बनायचे, आणि तक्रार आली की तुमचा काळा रंग नीट काळा दिसत नाही. त्याने तपासलं तर काळ्यात खोट नव्हतीच, शेजारी विणलेल्या रंगांमुळे तो फिका वाटत होता. म्हणजे रंग एकटा कधी दिसतच नाही, शेजाऱ्यासकट दिसतो. मी म्हणलं हे तू पांढरा लावायच्या आधी का नाही सांगितलंस. तर म्हणे तू विचारलं नाहीस.

यावर्षी मार्चमध्ये ठरवलं की आता नीट करू, आणि एका मोठ्या रंग कंपनीची घरपोच सेवा असते ती बोलावली. नाव घेत नाही, कारण माणूस नम्र होता, वेळेवर आला, बुटांवर कव्हर घालून आत आला, लेझरने भिंती मोजल्या, ओल मोजायचं यंत्र लावून खिडकीखालची ओल दाखवली जी मला माहीतच नव्हती, हे सगळं चांगलंच. पण मग त्याने टॅबवर हॉलचा फोटो काढला आणि पाच मिनिटात "तुमचा हॉल" म्हणून जे दाखवलं त्यात राखाडी भिंती, एका भिंतीवर सोनेरी टेक्स्चर, आणि मधोमध राखाडी एल आकाराचा सोफा. मी विचारलं आमचा सोफा कुठेय? तो म्हणाला "मॅडम तो आपण नंतर इमॅजिन करायचा". अहो पण सगळा प्रॉब्लेमच तो आहे ना! सोफा काढून टाकला तर कुठलाही रंग चांगला दिसेल. हॉल आणि पॅसेज मिळून कोटेशन आलं सव्वीस हजार आठशे. आईंनी त्याला चहा दिला आणि तो गेल्यावर म्हणाल्या "मुलगा चांगला होता, सोफा कुणाचा दाखवत होता?"

त्यानंतर मी या दुकानात गेले ते खरं तर नुसतं शेड कार्ड आणायला. दुकान म्हणजे कसं, आत शिरल्यावर थिनरचा वास, वर लटकलेले ब्रश, एका बाजूला शेड मिसळून देणारं टिंटिंग मशीन ज्यावर धूळ आहे पण चालतं, आणि गल्ल्यामागे गट्टूचा जुना पत्र्याचा बोर्ड, तोच तो कपाळावर केस आलेला ब्रशवाला खट्याळ पोरगा जो आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये एशियन पेंट्ससाठी काढला होता. काका सत्तरीचे असतील. मी म्हणलं हॉलसाठी शेड कार्ड द्या, लेटेस्ट काय चाललंय ते. त्यांनी कार्ड दिलंच नाही. विचारलं, "घरातलं काय काय हलणार नाही?"

इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी सांगितलं सोफा, शोकेस. ते म्हणाले "आणि फरशी? ती काय हलणारेय का?" फरशी पिवळट स्पार्टेक टाइल्सची आहे, मी तिला कधी हिशेबातच धरलं नव्हतं. मग म्हणाले उद्या या, येताना सोफ्याची एक उशी आणा, जमलं तर फरशीचा उरलेला तुकडा, आणि लाकडाचा काहीतरी. लाकडाचं काय आणणार, शेवटी टीपॉयचा सुटलेला पाय पिशवीत घालून नेला, रिक्षावाला बघत होता.

दुसऱ्या दिवशी काकांनी दुकानाबाहेर उन्हात नाही, आत ट्यूबखाली पण नाही, दाराच्या उंबऱ्याशी सावलीत स्टूल ठेवलं, त्यावर उशी, फरशीचा तुकडा, टीपॉयचा पाय, आणि पंख्यासारखं उलगडणारं शेडचं पुस्तक घेऊन एकेक पट्टी त्या उशीला चिकटवून धरायला लागले. पट्टीची पांढरी कड बोटाने झाकून. कारण म्हणे पांढऱ्याच्या शेजारी सगळेच रंग गोड दिसतात, तुमच्या घरात ती पांढरी कड येणारेय का. मी राखाडीचा विषय काढला तर त्यांनी एक राखाडी पट्टी टीपॉयच्या पायाला लावली आणि नुसतं बघायला सांगितलं. लाकूड एकदम केशरी! झेंडू. जे राखाडी चालू आहेत त्यात बऱ्याचदा निळा मिसळलेला असतो, आणि निळ्याशेजारी सागवानाचा पिवळा-केशरीपणा दुप्पट बोंबलतो. पांढऱ्याने सोफा उठून दिसला, राखाडीने तर तो ओरडला असता.

काकांचं म्हणणं एका वाक्यात असं होतं की नावडती वस्तू लपवायची असेल तर तिच्या विरुद्ध जायचं नाही, तिच्या जवळ जायचं. सोफा गडद, फरशी फिकट, तर सोफ्यामागची भिंत दोन्हीच्या मधली हवी आणि उबेच्या बाजूची, म्हणजे लाल-पिवळ्याकडची हवी, मग नजर सोफ्याशी येऊन अडकत नाही, पुढे सरकते. मला ऐकताना पटलं पण त्यांनी जी पट्टी काढली ती बघून मी मनात म्हणलं गेलं सगळं, कारण तो रंग होता विटेच्या भुग्यासारखा, त्यात जरा मळका गुलाबी. कुंडीला देतात तो रंग हॉलला?

तर त्यांनी आग्रह केला नाही हे मला फार आवडलं. म्हणाले चार छोटे डबे घ्या, तुमच्या आवडीचे तीन आणि माझा एक, घरी बघा आणि मग या. दोनशे मिलीचे सँपल असतात ते. आणि भिंतीवर लावू नका, पुठ्ठ्यावर लावा, मोठा पुठ्ठा, दोन फूट तरी, दोन हात मारा, कडेपर्यंत. भिंतीवर चौकोन रंगवला की आजूबाजूचा जुना रंग तुम्हाला फसवतो, आणि भिंत काय उचलून सोफ्यामागून शोकेसमागे नेता येत नाही, पुठ्ठा येतो. शिवाय आडवा ठेवून बघायचा नाही, उभाच बघायचा, आडव्यावर वरून उजेड पडतो आणि रंग फिका वाटतो.

फ्रिजचा खोका शेजाऱ्यांकडे होता, त्याचे चार पुठ्ठे कापले. पुढचे चार दिवस आमच्या हॉलमध्ये निवडणुकीच्या फलकांसारखे पुठ्ठे फिरत होते. माझे तीन होते: हस्तिदंती, एक उबदार म्हणवणारा राखाडी (एवढं होऊनही माझा जीव त्यात होता), आणि सेज म्हणतात तो धुरकट हिरवा.

हस्तिदंती सकाळी सुंदर. दुपारी फरशीचा पिवळा त्यात उतरला आणि भिंतीला हळद लावल्यासारखी दिसायला लागली. राखाडी तीन वाजता निळा पडला, मला वाईट वाटलं पण पडला. हिरव्यावर माझी खरी भिस्त होती, मरूनशेजारी छान शांत दिसत होता, मी जवळजवळ फायनल केला होता, आणि मग दुपारी चारला काहीतरी विचित्र व्हायला लागलं, पुठ्ठा एकदम पोपटी झाक मारायला लागला. कारण कळायला दोन दिवस लागले. समोरच्या सोसायटीने मागच्या वर्षी बिल्डिंगला पोपटी रंग दिलाय आणि दुपारचं ऊन तिच्यावर आपटून आमच्या खिडकीतून आत येतं! म्हणजे आमच्या हॉलचा अर्धा उजेड रोज चार ते सहा पोपटी असतो आणि आम्हाला गावीही नव्हतं. त्यात रात्री ट्यूब लावली की तोच हिरवा सरकारी दवाखान्याच्या पडद्याचा.

आणि काकांचा विटकरी. हातात घेतला तेव्हा भयाण. सोफ्यामागे उभा केला आणि मी किचनमध्ये गेले, पाणी पिऊन परत आले, आणि दारातून बघितलं तर सोफ्याच्या पाठीवरची कमळं दिसतच नव्हती. म्हणजे होती तिथेच, पण कड गेली होती त्यांची, पांढऱ्यावर जी काळ्या रेघेसारखी कडा दिसायची ती विरघळली होती. जिथे पुठ्ठा संपत होता तिथे मात्र कमळ परत टक्क. मी पुठ्ठा डावीकडे उजवीकडे सरकवत बसले, जिथे पुठ्ठा तिथे सोफा गप्प, जिथे पांढरी भिंत तिथे सोफा बोलतोय. मुलगी म्हणाली आई तू काय करतेयस. पोपटी उजेडाचं पण त्याला काही झालं नाही, थोडा मातकट झाला इतकंच.

परत दुकानात गेले तर काकांनी "मी म्हणलं होतं ना" असं काही केलं नाही. उलट म्हणाले आता याच पट्टीतला एक घर वरचा, म्हणजे जरा फिका घ्या, कारण पुठ्ठ्यावर दिसतो त्यापेक्षा पूर्ण भिंतीवर तोच रंग जास्त गडद वाटतो. बाकीच्या तीन भिंतींना त्याच पट्टीतला सगळ्यात वरचा, जो बघायला पांढराच आहे पण दुधात थेंबभर चहा पडल्यासारखा. छतालाही तोच, झगझगीत पांढरा नाही. आणि शोकेसवर वेगळा रंग वगैरे मारायचा विचार सोडा, सनमायकावर रंग धरायला घासणं, खास प्रायमर, सगळं नीट करावं लागतं, आणि नीट नाही केलं तर कोपऱ्यातून सोलून निघतो. त्यापेक्षा त्यातलं अर्धं सामान काढा. बाहुली राहिली. ढाली माळ्यावर.

मग बिलाच्या मागे हिशेब. हॉल सोळा बाय अकरा, उंची नऊ, दारं-खिडक्या वजा करून भिंती साधारण चारशे स्क्वेअर फूट. एका लिटरमध्ये दोन हात धरले तर शंभर-सव्वाशे फूट होतात. त्यामुळे मागच्या भिंतीला दीड लागेल म्हणून दोन लिटर, बाकी तीन भिंतींना तीन लिटर, छताला दोन. मी महागातला महाग घ्यायला तयार होते, त्यांनीच मधला प्लास्टिक पेंट दिला आणि मॅट दिला. म्हणाले चकचकीत फिनिशवर तुमच्या भिंतीचे खड्डे दिसतील, आणि तुमच्या सोफ्याला आधीच मेलामाइन पॉलिशची चकाकी आहे, दोघं चमकायला लागले तर बसायचं कुठे. हा माणूस कमी पैशाची वस्तू विकत होता! रंगारीही त्यांनीच दिला. खिडकीखालची ओल आधी बाहेरून क्रॅक भरून घेतली (ती कंपनीच्या मुलाची कृपा, मानलं पाहिजे), मग खरवडणं, लांबी म्हणजे पुट्टी भरणं, घासकाम, प्रायमर, दोन हात. पॅसेज धरून मजुरी-मटेरियल सगळं मिळून साडेचौदा हजार. ही एप्रिलची गोष्ट, माझ्या एरियातली.

एक गोष्ट काकांनी सांगितली नव्हती, ती आम्ही स्वतः शोधली. लाइट. आमच्याकडे सगळ्या ट्यूब ६५०० केल्विनच्या, खोक्यावर कूल डेलाइट लिहिलेलं असतं त्या, निळसर पांढऱ्या उजेडाच्या (हा आकडा कमी तितका उजेड पिवळा). नवीन रंग झाल्यावर पहिल्या रात्री ट्यूब लावली आणि भिंत उदास, मरून काळपट, माझा जीव खाली. नवऱ्याने बेडरूममधला पिवळट बल्ब, ३००० वाला, आणून होल्डरला लावला तर हॉल एकदम जिवंत. पण आई म्हणाल्या "यात पेपर कसा वाचायचा", तर शेवटी छताला ४००० वाल्या दोन आणि सोफ्याशेजारी एक पिवळा दिवा, असा तह झाला. रंगाआधी लाइट बदलून मग पुठ्ठे बघायला हवे होते, उलटं केलं आम्ही.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक करायला मी काही त्यांची भाची नाही. दुकान दुपारी दीड ते साडेचार बंद, म्हणजे नोकरी करणाऱ्याने जायचं कधी. समोर गाडी लावायला जागा शून्य. काका नसतील आणि मुलगा असेल तर सरळ परत या, त्याला मोबाइलमधून वर बघायला वेळ नसतो, त्याने मला पहिल्याच वाक्यात "सगळे ग्रेच नेतात" सांगितलं असतं. भाव विचारत बसलं तर काका चिडतात. रंगाऱ्याच्या कामाची लेखी हमी वगैरे काही नाही, आणि तो मधेच दोन दिवस गावाला हळदीला गेला, फोन बंद, सोफा हॉलच्या मधोमध चादरीखाली, आई बेडरूममध्ये सिरियलविना. ते दोन दिवस मी विसरणार नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ज्यात थोडी चूक माझी पण आहे. एकाच शेडचे दोन डबे असले तरी लावायच्या आधी एका बादलीत एकत्र ढवळून घ्यायचे असतात, कारण मशीनमधून निघालेल्या दोन डब्यांत किंचित फरक असू शकतो. काकांनी हे रंगाऱ्याला सांगितलं होतं म्हणे. रंगाऱ्याने एक एक लिटरचे दोन डबे एकामागून एक संपवले. नशिबाने जोड सोफ्याच्या पाठीमागे खाली आलाय. पण पुढे जूनमध्ये स्विचबोर्ड बदलताना भिंत खरवडली गेली, तेव्हा थोडा रंग परत हवा होता, आणि डब्याच्या झाकणावर शेडचा नंबर आणि मिश्रणाचं स्टिकर होतं ते मी डब्यासकट भंगारात दिलं होतं. काकांच्या वहीत नोंद नाही, कॉम्प्युटरमध्ये पण नाही. अंदाजाने करून दिला. आता स्विचबोर्डाशेजारी पोस्टकार्डाएवढा एक ठिपका आहे जो सकाळी दिसत नाही आणि दुपारी चारला, पोपटी उजेडात, बरोबर दिसतो. तर झाकणाचा फोटो काढून ठेवा, बाकी काही नाही केलंत तरी.

पडदे खादीचे, रंग न दिलेले. उशांना मी खणाची कव्हरं शिवली, बाटली हिरवी, मरून काठाची, माझ्याच दोन जुन्या परकरपोलक्यांतून निघाली. हिरवा भिंतीवर जमला नाही पण उशीएवढा जमतोय.

रंग झाल्यावर सोफा परत जागेवर लावला त्या संध्याकाळी आई आपल्या खुर्चीत बसल्या, इकडे तिकडे बघितलं, भिंतीबद्दल अवाक्षर नाही, आणि मला विचारलं "सोफ्याला पॉलिश केलंस का गं?" नाही केलं हो आई. तेव्हापासून कुणी पाहुणा "वा, सोफा" म्हणालेला नाही, मावसबहीण तर तासभर त्याच्यावर बसून गेली आणि जाताना म्हणाली हॉल मस्त झालाय, सोफा बदललात का. मला तो आवडायला लागलाय असं अजिबात नाही, कमळं धुळीने भरतात आणि दर रविवारी जुन्या टूथब्रशने मीच पुसते. पण आता त्याच्यासमोर बसून चहा पिता येतो.

पाचापैकी चार स्टार, एक त्या वहीसाठी कापला. जायचं तर सकाळी अकराच्या सुमाराला, काका असताना, आणि उशी घेऊन. आमचे पुठ्ठे सध्या तिसऱ्या मजल्यावर आहेत, त्यांच्याकडे निळा रेक्झिनचा सोफा आहे आणि त्यांना हस्तिदंती पटतोय असं दिसतंय.